आडात असेल तर पोहऱ्यात

चि. …
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, चित्रांचे फोटोही पाहिले. ‘चित्र आतूनच यायला हवं, म्हणून स्केचिंग बंद केलंय’ हे वाक्य मात्र माझ्या गळी उतरलं नाही. आतून यायला आत काही असावं लागतं रे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आपल्या इंदूरचंच बघ. देवळालीकर मास्तरांनी 1927 साली इथे चित्रकलेची शाळा काढली. बेंद्रे, हुसेन, विष्णू चिंचाळकर हे सगळे त्यांच्याच हाताखाली शिकले. चिंचाळकर गुरुजी पुढे वाळकी पानं, मुळं, टाकाऊ वस्तू उचलत आणि त्यांना त्यात आकार दिसत. बघणाऱ्याला वाटावं, उपजत देणगी! पण त्याआधी व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं त्यांनी रीतसर घोटली होती. ती नजर आकार ओळखायला आधीच शिकली होती, म्हणून वाळक्या पानातही तिला काही सापडलं.

जलरंगात हे तुला रोज कळेल. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, दिल्यावर कागद आधी चकाकतो. मग चकाकी जाते, पण आत ओल असते. त्या घडीला पाण्याने भरलेला ब्रश टेकवलास तर पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि दातेरी कडांचा डाग उमटतो. थांबायचं कधी आणि टेकवायचं कधी, हे घड्याळ सांगत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तर ती घडी हां हां म्हणता निसटते. हात मात्र बरोबर वेळी थबकतो. त्याला तू अंतःप्रेरणा म्हण. माझ्या मते ती बिघडलेल्या कागदांची कमाई आहे.

अबोध मनाला मी कमी लेखत नाही. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांतल्या खाडाखोडीतून विचित्र प्राणी उगवले, ते काही ठरवून नव्हे. जर्मन चित्रकार माक्स एर्न्स्टने 1925 साली लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिलीचं शिसं घासलं आणि उमटलेल्या रेषांत त्याला जंगलं, जनावरं दिसली. पण त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे त्यानेच डोळे उघडे ठेवून ठरवलं. घासताना मोकळं सोड, निवडताना जागा राहा. दोन्ही एकाच वेळी करायला गेलास की चित्र अडतं. मग कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि खुशाल दुसरं काम करायचं. चित्रकार गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत. त्यांचा बाकीचा वेळ काही वाया जात नव्हता.

आणखी एक, थोडं कडू आहे. झटकन सुचलेलं बहुतेक वेळा आपलं नसतं. दिवसभर मोबाइलवर जे सरकत जातं, तेच रात्री ‘आतून’ येतं. म्हणून पहिल्या सुचण्यावर भाळू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत थांब.

करायचं काय, तर सकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, होळकरांच्या त्या दगडी स्मारकांपाशी, जाऊन नुसतं बघ. फोटो काढू नकोस. रात्री घरी बसून आठवणीतून काढ. शिखर चुकेल, खांब कमी पडतील, चालेल. पण एखादी सावली, दगडावरचा एखादा ओला काळा पट्टा हमखास राहिलेला असेल. तुझ्या मनाने तो आपणहून उचललेला असतो. तिथून पुढे चित्र कर, आणि आठवड्याने तेच आरशात उलटं बघ; तोल कुठे गेलाय ते लगेच दिसतं.

पाठवलेल्यांपैकी दुसऱ्या चित्रातला डावीकडचा गेरू अजिबात हलवू नकोस, तो तुझा आहे. उजवीकडची ती तीन वर्तुळं मात्र कुठून आली ते शोध. रविवारी येशील तेव्हा पहिलं तेच विचारणार आहे. येताना चित्रं खरी आण, फोटोत पांढरा सगळा निळा दिसतो.

तुझा,
काका