रस्त्यात थुंकणारे, रांगेत घुसणारे अशा लोकांसाठी मराठीत गमतीशीर नवे शब्द कसे बनवाल? त्याने काही फरक पडतो का?

फरक पडतो, पण कुठलाही गमतीशीर शब्द घेतला आणि चिकटवला असं करून चालत नाही, उलट काही शब्दांनी थुंकणाऱ्याला चेवच येतो. हे मला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात कळलं म्हणून आधी तेच सांगते.

आम्ही कल्याणला राहतो, बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो तिथला कोपरा कायम लाल. कमिटीने दोनदा रंग मारला, "येथे थुंकू नये" लिहिलं, आणि शेवटी सगळीकडे करतात तसं देवांच्या टाइल्स लावल्या, गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्केची मशीद, सगळ्यांच्या लावल्या की कुणीच थुंकणार नाही म्हणून. तर काय झालं, टाइल्सवर कुणी थुंकलं नाही, टाइल्सच्या वीतभर बाजूला थुंकायला लागले. म्हणजे माणसाला कळत असतं हो आपण काय करतोय ते, नेम धरून देवाला चुकवायचं आणि बाजूच्या भिंतीला द्यायचं!

तेव्हा आमच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलांनी एक शब्द काढला, पिंकासो. पानाची पिंक आणि चित्रकार पिकासो मिळून. शब्द भन्नाट आहे, मी पण खूप हसले, ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं होतं. पण थुंकणाऱ्यांपैकी एक जण कोण ते सगळ्यांना माहीत होतं, त्याला मुलांनी जिन्यात "काय पिंकासो" म्हटलं तर तो पण खूश! हसला, कॉलर ताठ केली आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच. मग माझ्या लक्षात आलं की या शब्दात आपण त्याला कलाकार करून टाकलंय, मग तो कशाला थांबेल.

आणि मग आपल्या रोजच्या भाषेत असे किती शब्द आहेत ते दिसायला लागलं. पेपरात थुंकीबहाद्दर लिहितात. बहाद्दर हा शाबासकीचा शब्द आहे, तो मागे लावला की गलिच्छ काम पण पराक्रम वाटायला लागतं. पिचकारी म्हटलं की होळी आठवते, घाण आठवत नाही. सगळ्यात जास्त राग मला रोडरोमिओ या शब्दाचा आहे. मुलींच्या मागे फिरणाऱ्या, वाट अडवणाऱ्या माणसाला आपण नाटकातला प्रेमी करून टाकला, ज्या मुलीला त्या रस्त्याने रोज क्लासला जायचंय तिला विचारा त्यात रोमिओ कुठे दिसतो ते. तळीरामचं पण तेच, गडकऱ्यांच्या एकच प्याला नाटकातलं पात्र, १९१९ साली रंगभूमीवर आलेलं, त्या नाटकात दारूपायी एका चांगल्या घराची राखरांगोळी होते पण आज ३१ डिसेंबरच्या बातमीत तळीराम वाचलं की आपल्याला हसू येतं, घर बुडालेलं कुणाला आठवत नाही.

याच्या उलट फुकट्या हा शब्द बघा. तिकीट न काढणाऱ्याला रेल्वेच्या बातम्यांत फुकटे प्रवासी म्हणतात, शिवी नाही, जात नाही, गाव नाही, फक्त त्याने काय केलं तेवढं सांगितलंय आणि तरी आपल्याला कुणी फुकट्या म्हणावं असं कुणालाच वाटत नाही. चार लोकांत ऐकलं की माणूस एकदम लहान होतो. मला वाटतं नव्या शब्दाचं माप हेच असावं, ऐकणाऱ्यांना हसू यायला हवं आणि ज्याला म्हटलं त्याला मोठं वाटता कामा नये.

आमचा खरा शब्द आला तो साफसफाईच्या मावशींकडून. त्या दिवशी मी भाजी घेऊन वर येत होते आणि मावशी त्या कोपऱ्यात उकिडव्या बसून तारेच्या घासणीने भिंत घासत होत्या. बादलीत गरम पाणी, ॲसिडची बाटली बाजूला, पदर नाकावर बांधलेला. वरचा ओला थर निघत होता पण खालचा तपकिरी डाग तसाच, घासून घासून भिंतीचा रंग निघाला, आतली पुट्टी दिसायला लागली तरी डाग आहेच. निघणार कसा, पान-गुटख्यातला कात चुन्याबरोबर लाल होतो आणि कात म्हणजे कापड रंगवायला नि चामडं कमवायला वापरतात ती चीज, भिंतीत मुरली की मुरली. कलकत्त्याला हावडा ब्रिजच्या खांबांना बुडाशी जे लोखंडी पत्रे होते ते लोकांच्या पानाच्या थुंकीने झिजले आणि शेवटी त्यांना फायबरग्लासची आवरणं घालायला लागली होती, तिथे आमची पुट्टी काय टिकणार.

मी म्हटलं, "मावशी, राहू दे आता, हात सोलवटतील." तर त्या वर न बघता म्हणाल्या, "ताई, पोटभरू माणसं बघितली होती, ही कोपरेभरू माणसं इथंच बघितली."

कोपरेभरू! मी जिन्यातच उभी राहिले. आपण पोटभरू म्हणतो ना, फक्त स्वतःच्या पोटाचं बघणारा, अगदी तसाच. एक शब्द, म्हणायला सोपा, लहान पोरांसमोर म्हणता येतो, हसू येतं आणि कॉलर ताठ करावी असं त्यात काहीच नाही.

तो शब्द मी घरी सांगितला, मुलीने खाली खेळताना सांगितला, आणि मग आठ-दहा पोरांना जो चाळा लागला तो लागला. तो पिंकासोवाला माणूस जिन्यातून यायला लागला की कुणीतरी पोर ओरडायचं "कोपरेभरू आला का रे?" त्याने दोनदा डोळे वटारले. तिसऱ्यांदा त्याचा स्वतःचा मुलगा त्या पोरांत होता, तो काही बोलला नाही, नुसता बापाकडे बघत होता. त्यानंतर मी त्या माणसाला खाली गटारापाशी जाऊन तोंड मोकळं करताना बघितलंय, जिन्यात नाही. गटारात थुंकणं पण बरोबर नाही हे मला मान्य आहे, पण मावशींच्या बादलीपुरता तरी फरक पडला. दुसरा एक आहे तो अजून थुंकतो, रात्री, कुणी नसताना.

आता शब्द कसे बनवायचे तर मराठीत साचा तयारच आहे, बाहेरून काही आणायला नको. खिसेकापू, वेळकाढू, करबुडव्या, कामचुकार, लाकूडतोड्या, हे सगळे बघा, आधी वस्तू मग त्या माणसाने तिचं काय केलं ते. त्या साच्यात तुमच्या गल्लीतली सवय ओतायची. आमच्याकडे चालणारे आणि माझ्या डोक्यातले काही देते, वापरा खुशाल.

नदीच्या पुलावर गाडी थांबवून निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट खाली सोडणारा तो पिशवीबुडव्या, करबुडव्याचा सख्खा भाऊ. काउंटरवर वीस माणसं उभी असताना "मला नुसतं विचारायचंय" म्हणत पुढे घुसून सगळं काम उरकून जाणारा तो नुसतंविचारू. सिग्नल सुटायला तीन सेकंद असताना मागून हॉर्न दाबून धरणारा भोंगाड्या, सोंगाड्यावरून. लोकलच्या दारात उभा राहून ना स्वतः उतरणार ना दुसऱ्याला उतरू देणार, त्याला नवा शब्द बनवायची गरजच नाही, जुन्या घरांच्या दाराला आतून आडवा लाकडी दांडा लावायचे त्याला अडसर म्हणतात, तोच हा. "अहो, उतरायचं नाही तर अडसर काढा" इतकं म्हटलं की आजूबाजूचे हसतात आणि वाट मिळते, हे मी ठाण्याला दोन-तीनदा करून बघितलंय. मोबाइलचा आवाज मोठा ठेवून अख्ख्या डब्याला रील ऐकवणारा कानवाढपी, फरक इतकाच की पंगतीतला वाढपी निदान "वाढू का?" असं विचारतो.

एसटीच्या खिडकीतून थुंकणाऱ्यासाठी तुषारसिंचन हा शब्द मला स्वतःच्या अंगावर सुचला. नगरला जाताना मागच्या खिडकीशी बसले होते, माळशेज घाटात मस्त गार वारा म्हणून काच उघडी, आणि पुढच्या सीटवरच्या काकांनी मान बाहेर काढली. पांढरा ड्रेस, बाहीवर बारीक बारीक लाल थेंब, अगदी शेतात स्प्रिंकलर फिरल्यासारखे. मी चिडून म्हटलं, "काका, तुषारसिंचन बंद करा!" तर शेजारचा शेतकरी आणि सगळी बस हसली आणि काका ओशाळून स्वतःच्या पाण्याच्या बाटलीतून माझी बाही धुवायला पाणी द्यायला लागले. भांडले असते तर त्यांनी पण भांडण काढलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे.

क्रियापद पण करा. शिंक-शिंकणे, तसं पिंक-पिंकणे, हे आमच्या पोरांनीच केलं, "तो बघ पिंकला." विदर्भात सुपारी-तंबाखूचा खर्रा चालतो, आमच्या नगरकडे तसाच मावा, तर तिकडचे शब्द तिकडच्यांनी बनवावेत, त्यांना तिथलीच चव येईल.

एक गोष्ट मात्र पाळा. आमच्याकडे थुंकणाऱ्याला भय्या म्हणून मोकळं व्हायची सवय आहे, ते बंद करा. आमच्या जिन्यातले दोघेही अस्सल मराठी. भाषा, जात, गाव, गरिबी यावरून शब्द केला की थुंकणारा सुटतो आणि न थुंकणाऱ्या हजारोंना विनाकारण लागतं. माझ्या डोक्यात शेंदऱ्या असा एक शब्द आला होता, लाल रंग फासणारा म्हणून, तो आईने लगेच रद्द केला, म्हणाली शेंदूर मारुतीचा असतो, त्याची या घाणीशी सांगड घालू नकोस. मला पटलं.

कुणी म्हणेल शब्दांनी काय होतंय, दंड करा. दंड हवाच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात २०१८ मध्ये महापालिकेने थुंकणाऱ्याला पकडून दंड तर केलाच, वर त्याच्याच हाताने डाग पुसायला लावला होता, मला ते फार आवडलं होतं. पण जिन्यात, डब्यात, एसटीत दंड करणारा माणूस नसतो, तिथे आपणच असतो आणि आपल्याला त्या क्षणी काय म्हणावं ते सुचत नाही म्हणून आपण गप्प बसतो. गावोगावी हागणदारीमुक्तीच्या वेळी पहाटे फिरणाऱ्या गुड मॉर्निंग पथकाचं नाव पण बघा ना, त्या नावातच गंमत होती आणि टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला ते नाव ऐकूनच लाज वाटायची.

एका सवयीला मला अजून शब्द सापडलेला नाही. दुसऱ्याच्या गेटसमोर "दोनच मिनिटं" म्हणून गाडी लावून तासभर गायब होणारा. दोनमिनिट्या म्हणून बघितलं पण ते नूडल्ससारखं वाटतं. तुम्हाला काही सुचलं तर नक्की सांगा, उद्या सकाळी परत कुणीतरी लावणारच आहे.