युव्हिआयटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या सुजेत) डोळ्यातला नमुना काढून का तपासतात?
बहुतेकांना याची गरज पडत नाही; डोळ्यांची तपासणी, रक्तचाचण्या आणि छातीचा एक्स-रे यांवर भागतं. पण उपचार करूनही सूज हटत नसेल, तर कारण डोळ्यातच शोधावं लागतं. पुढच्या भागातलं ०.१ ते ०.२ मिली पाणी बारीक सुईने काढून पीसीआर ही चाचणी केली, की हर्पिस किंवा टीबीच्या जंतूंचा डीएनए सापडू शकतो. टीबीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी टीबी नाहीच असं मात्र धरू नये. उतारवयात डोळ्यातला लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) अगदी युव्हिआयटिससारखा दिसतो, आणि हे वेळेत कळणं फार महत्त्वाचं आहे. तेव्हा मागचा जेलीसारखा व्हिट्रियस काढून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. स्टिरॉइडमुळे या पेशी मरून नमुना फसवा येऊ शकतो, म्हणून डॉक्टर आधी ते थांबवतात. स्वतःहून गोळ्या अचानक बंद करू नका.