एडिंबराचा किल्ला पाहायला अर्धा दिवस पुरतो का?

पुरतो. तीन तास हाताशी ठेवा. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, कारण त्यावर आत जाण्याची वेळ ठरलेली असते आणि उन्हाळ्यात आयत्या वेळी ते मिळेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर सकाळची पहिली वेळ घ्या आणि वाटेत न रेंगाळता थेट वर राजवाड्यात स्कॉटलंडचा राजमुकुट पाहायला जा. नंतर तिथे रांग लागते. त्याच राजवाड्यात 1566 मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स जन्मला, ती खोली अगदीच छोटी आहे. मग सेंट मार्गारेटचं चॅपल पाहा. बाराव्या शतकातली ही इमारत शहरातली सर्वांत जुनी. तिथून खाली डोकावलंत तर सैनिकांच्या कुत्र्यांची दफनभूमी दिसेल. मला तर मुकुटापेक्षा तीच जास्त लक्षात राहिली!

दुपारी एकला तोफ उडते, तेव्हा तिच्या जवळ असा. बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून 1861 मध्ये ही प्रथा सुरू झाली. त्याआधी शहरातल्याच कॅल्टन टेकडीवरचा, ठरल्या वेळी खाली पडून वेळ दाखवणारा गोळा होता, पण धुक्यात तो दिसणार कसा? रविवारी, गुड फ्रायडेला आणि नाताळला तोफ उडत नाही.

किल्ला ज्वालामुखीच्या खडकावर असल्याने चढ आहे, फरसबंदी ओबडधोबड आहे. बूट चांगले घाला. छत्री मात्र नको, वर वारा ती उलटीच करतो.