बांधकामाचा खर्च हाताबाहेर चाललाय हे शेवटचं बिल येण्याआधी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा मजली इमारतीचं काम चालू आहे, प्रत्येक बिल एक्सेलमध्ये चढतं, दर महिन्याला खर्च बजेटच्या आतच दिसतो. तरी याआधीच्या दोन्ही कामांत शेवटी आकडा बजेटच्या बराच वर गेला. या वेळी तीन स्लॅब झालेत. लक्ष नेमकं कशावर ठेवायचं?

तुम्ही ठेवताय तो पैशाचा हिशेब आहे, कामाचा नाही. किती पैसे गेले एवढंच त्यातून कळतं. त्या पैशांत किती काम उभं राहिलं आणि उरलेल्या कामाला किती लागणार, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

समजा विटकामाचं पूर्ण बजेट १०० आहे. वेळापत्रकाप्रमाणे आजवर ४० चं काम व्हायला हवं होतं आणि खर्च झालाय ३६. एक्सेल म्हणतं, ४ वाचले. आता जागेवर जाऊन झालेल्या भिंती मोजा, त्याला बजेटमधलाच दर लावा. ते भरलं ३०. म्हणजे ३० चं काम ३६ ला पडलंय, आणि हेच प्रमाण राहिलं तर १०० चं काम १२० ला पडणार. शिवाय ४० च्या जागी ३० झालंय, म्हणजे काम मागे आहे. या पद्धतीला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात आणि तिचा सगळा जीव त्या ३० मध्ये आहे. तो आकडा मोजमापातूनच यायला हवा. मुकादमाला विचारून लिहिलेलं ‘सत्तर टक्के झालंय’ कामाचं नाही. अर्धवट कामांसाठी टप्पे आधीच ठरवून ठेवा: शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) पूर्ण झालं की इतके टक्के, सळई बांधून तपासली की इतके, काँक्रीट पडलं की बाकीचे. म्हणजे दर महिन्याला वाद होत नाही.

महिन्याच्या तक्त्यात प्रत्येक आयटमपुढे मी पाच रकाने ठेवायला सांगेन: बजेट, दिलेल्या ऑर्डरींची रक्कम, आजवरच्या कामाचा खर्च, उरलेल्या कामाला लागणारा खर्च, आणि या दोन खर्चांची बेरीज, म्हणजे अंतिम अंदाज. खर्च ठरतो तो परचेस ऑर्डरवर सही होते त्या क्षणी. बिल दोन-तीन महिन्यांनी येतं. लिफ्टची ऑर्डर बजेटपेक्षा ८ टक्के वर गेली असेल तर ती त्याच दिवशी तक्त्यात दिसली पाहिजे.

उरलेल्या खर्चाचा रकाना सगळ्यात जास्त बिघडतो, कारण तिथे ‘बजेट वजा खर्च’ असा फॉर्म्युला टाकलेला असतो. तसं केलं की अंतिम अंदाज कायम बजेटइतकाच येतो आणि तक्ता शेवटपर्यंत हिरवा राहतो. हा आकडा दर महिन्याला नव्याने काढायचा: उरलेलं परिमाण, गुणिले आज खरोखर पडणारा दर.

‘खर्च’ कशाला म्हणायचं हेही एकदा ठरवून घ्या. प्लंबरने काम केलं पण बिल दिलं नाही, तरी तो या महिन्याचा खर्च आहे. गोदामात पडून असलेलं सिमेंट हा साठा आहे, कामाचा खर्च नाही. ठेकेदाराला दिलेली उचल खर्चात धरायची नाही. त्याच्या बिलातून ५ टक्के रिटेन्शन (नंतर द्यायची राखून ठेवलेली रक्कम) कापलं म्हणून खर्च कमी झाला असंही नाही. ते पैसे द्यायचेच आहेत, म्हणून बिल पूर्ण रकमेचंच धरायचं.

हे सगळं उभं राहतं कॉस्ट कोडवर, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या कामाला दिलेल्या ठरावीक क्रमांकावर. एवढ्या इमारतीला ४०-५० कोड पुरतात. दोनशे केलेत तर स्टोअरकीपर वैतागून सगळं ‘किरकोळ’मध्ये टाकेल. तोच कोड बीओक्यूत (कामांच्या परिमाण आणि दरांच्या यादीत), ऑर्डरीत, मालासोबत येणाऱ्या चलनावर आणि हजेरीच्या मस्टरवर आला पाहिजे. कोड नसलेलं बिल पुढे सरकवायचंच नाही, हा नियम मी कधी सैल करणार नाही.

फरक दिसला की आधी तो फोडा. काँक्रीटचं बजेट १००० घनमीटर, दर १००, एकूण १,००,०००. प्रत्यक्षात १०६० घनमीटर लागलं, दर १०३ पडला, एकूण १,०९,१८०. जास्तीच्या ९,१८० पैकी ६,००० परिमाणामुळे गेले (६० गुणिले १००) आणि ३,१८० दरामुळे (३ गुणिले १०६०). दराचं उत्तर खरेदी विभागाने द्यायचं, परिमाणाचं साइट इंजिनिअरने. बैठकीत मात्र बहुतेक वेळा सगळं खापर ‘बाजारभाव वाढले’ यावर फुटतं, आणि ते ६० घनमीटर कुठे गेले हे कुणी विचारत नाही.

ते कुठे जातात ते पाहू. ५०० चौरस मीटरचा, १२५ मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे ६२.५ घनमीटर. तोच सरासरी १४० मिमीचा पडला तर ७० घनमीटर. एका स्लॅबला साडेसात घनमीटर, १२ टक्के जास्त, आणि पंधरा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत. कारणं ठरलेली: सेंट्रिंगच्या प्लेटा खचलेल्या, टेकूखाली भुसभुशीत जमीन, कॉलमच्या सळयांवर लेव्हलची खूण नाही, किंवा ओतणारी टोळी अंदाजाने पट्टी मारते. उपाय स्वस्त आहे. काँक्रीटच्या आदल्या दिवशी दर २-३ मीटरवर शटरिंगची लेव्हल घ्या. ओतताना १२५ वर खूण केलेली सळई ओल्या काँक्रीटमध्ये खुपसून जाडी बघत राहा. दुसऱ्या दिवशी डक्ट आणि जिन्याच्या कडेला जाडी मोजून वहीत लिहा. जास्तीच्या काँक्रीटचं वजन बीम-कॉलमवरही येतं, हा मुद्दा पैशाच्या पलीकडचा आहे.

जाडी बरोबर असूनही काँक्रीट जास्त लागलं तर ट्रककडे वळा. साध्या काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० किलो असतं. सहा घनमीटरच्या ट्रकचं भरलेलं आणि रिकामं वजन यांत सुमारे १४.४ टनांचा फरक यायला हवा. काटा जवळ असेल तर अधूनमधून, न सांगता, एखादा ट्रक वजन करून घ्या.

सळईची गंमत अशी की आपण ती वजनावर विकत घेतो आणि लांबीवर वापरतो. मीटरचं वजन काढायचं सूत्र: व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ मिमीला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. आलेल्या मालातले एक-एक मीटरचे काही तुकडे वजन करून बघा. सरासरी ०.९२ आली तर तेवढ्याच लांबीसाठी तुम्ही साडेतीन टक्के जास्त वजनाचे पैसे देताय. हे रोलिंग मार्जिन (सळईच्या ठरलेल्या आणि खऱ्या वजनातला फरक) वेस्टेजमध्ये मिसळू नका, वेगळं दाखवा, नाहीतर सळई कापणाऱ्या-वाकवणाऱ्या बार बेंडरला उगाच बोल लागतो. उलट वजन कमी भरलं तर स्वस्त पडलं म्हणून खूश होऊ नका. ते मानकाच्या मर्यादेत आहे का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

खरं वेस्टेज कापणीत होतं. १२ मीटरच्या सळईतून ३.३ मीटरचे तीन तुकडे निघाले की २.१ मीटर उरतात, म्हणजे साडेसतरा टक्के. तो तुकडा कुठे बसेल हे कापण्याआधी कागदावर ठरलं तर वेस्टेज आटोक्यात राहतं, नाहीतर भंगारात जातो. प्रत्येक स्लॅबनंतर हिशेब जुळवा: आधीची शिल्लक अधिक आलेला माल, वजा आजची शिल्लक, वजा भंगार. हे बार बेंडिंग शेड्यूलशी (कुठे किती सळई लागणार याच्या यादीशी) जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर चोरीचा संशय घेण्याआधी चेअर आणि स्पेसर (सळया जागेवर धरणारे सळईचे तुकडे) आणि जादा लॅप (दोन सळया जोडताना एकमेकींवर येणारी लांबी) शेड्यूलमध्ये धरलेत का ते तपासा. बहुतेकदा ते धरलेलेच नसतात.

वाळू घनमापावर घेत असाल तर फुगवटा तपासा. ओलसर वाळूच्या कणांभोवतीचा पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि घनमाप वाढतं. सरळ बाजूच्या भांड्यात २०० मिमीपर्यंत वाळू सैल भरा, बाहेर काढा, भांड्यात निम्मं पाणी घ्या आणि वाळू ढवळत परत टाका. ती १६० मिमीवर बसली, तर फुगवटा ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के. दहा घनमीटरच्या गाडीत प्रत्यक्ष आठच आहे. फुगवट्याची वजावट किंवा ओलावा वजा करून वजनावर खरेदी, यांपैकी एक ऑर्डरीतच लिहून घ्या. गाडी रिकामी झाल्यावर भांडून उपयोग नाही.

काही खर्च एका कोडमधून दुसऱ्यात उडी मारतात, त्यामुळे ते सापडायला अवघड जातात. गवंड्याने घाईत भिंत ओळंब्यातून सोडली की विटकाम बजेटमध्ये बसतं, आणि १२ मिमीचं प्लॅस्टर सरासरी २० मिमी मारावं लागतं. १००० चौरस मीटरला १२ ऐवजी २० घनमीटर मसाला. तक्त्यात दोष प्लॅस्टरवाल्याच्या नावावर दिसतो, चूक मात्र महिनाभर आधी झालेली असते. म्हणून विटकामाचं बिल पास करण्याआधी ओळंबा आणि गुनिया (काटकोन तपासायचं साधन) लावून बघणं हासुद्धा खर्चावरचा ताबाच आहे.

मजुरीसाठी रोजंदारीवर असाल तर मस्टरवर नुसती हजेरी नको, माणूस कुठल्या कामावर होता तेही हवं. आठवड्याला एक आकडा काढा: एका घनमीटर विटकामाला किती मनुष्यदिवस लागले. तो वाढू लागला की कारण शोधा. बऱ्याचदा माणसं नव्हे, तर विटा वर पोचण्याची वाट बघणं हे कारण असतं. अंगावर, म्हणजे झालेल्या कामाच्या ठरलेल्या दराने, काम दिलं असेल तर मजुरी बांधली जाते, पण मग वेग वाढवायला माल उधळला जातो. तिथे मालाच्या वापराची मर्यादा आणि त्यावरच्या वापराची डेबिट नोट (त्याच्या बिलातून पैसे कापायची नोंद) वर्क ऑर्डरमध्येच असू द्या.

वेळेवर चालणारे खर्च स्वतंत्र कोडमध्ये ठेवा: साइटचा स्टाफ, क्रेन किंवा होइस्ट, शटरिंगचं भाडं, पहारा, वीज, कर्जाचं व्याज. यांना घनमीटर कळत नाही, महिना कळतो. सहा स्लॅबना प्रत्येकी चार दिवस उशीर झाला की २४ दिवस गेले, आणि जवळजवळ एका महिन्याचा हा सगळा खर्च वाढला. डिझेललाही यंत्राच्या तासांशी जोडा; नुसते लिटर लिहिण्यात अर्थ नाही.

बदलांची एक नोंदवही ठेवा. ड्रॉइंग बदललं, खडक लागला, मालकाने खिडकी हलवली, की त्याच दिवशी क्रमांक, अंदाजे रक्कम, किती दिवस वाढणार आणि मंजुरी कुणाची हे लिहायचं. झाकलं जाणारं काम बुजवण्याआधी दोन्ही बाजूंच्या सहीने मोजून, फोटो काढून ठेवा. नंतर ते कुणी मान्य करत नाही. आकस्मिक खर्चाची तरतूद कुठल्याही कोडमध्ये मिसळू नका. तिच्यातून काय गेलं हे वेगळं लिहा आणि उरलेली तरतूद उरलेल्या कामाला पुरेल का ते दर महिन्याला बघा. पाया संपतानाच निम्मी संपली असेल तर तेव्हाच बोला.

अहवाल महिन्याच्या पाच तारखेला साधारण बरोबर आलेला चालेल. पंचवीस तारखेला पैशापर्यंत अचूक आलेला मला नको, कारण तोवर पुढचा स्लॅब पडलेला असतो. काँक्रीट आणि डिझेल रोज, मजुरी आणि सळई आठवड्याला, पूर्ण तक्ता महिन्याला. सगळ्या कोडवर सारखा वेळ घालवू नका. मोजक्या आयटममध्ये बहुतेक पैसा असतो: सळई, काँक्रीट, शटरिंग, फिनिशिंग, लिफ्ट, विजेचं काम. फरक दिसला की तो एकदाच घडलेला आहे की पुढच्या मजल्यावर परत येणार, हे आधी ठरवा. पायाच्या खोदाईत लागलेला खडक परत लागणार नाही. जाड पडणारा स्लॅब दर मजल्याला जाड पडेल आणि तो अंतिम अंदाजात आत्ताच धरला पाहिजे.

तुमचे तीन स्लॅब झालेत, म्हणून मागचं सगळं कोडनिहाय लावत बसू नका, त्यात महिना जाईल. एक कट-ऑफ तारीख ठरवा. त्या दिवशी गोदामातली आणि आवारातली प्रत्येक वस्तू मोजा, झालेलं काम मोजा, न आलेल्या बिलांची यादी करा. मग उरलेल्या कामाची परिमाणं ड्रॉइंगवरून नव्याने काढून त्यांना आजचे दर लावा. आजवरच्या खर्चात हे मिळवलं की खरा अंतिम आकडा येईल, आणि तो बहुधा आवडणार नाही. पण फरशी, दारं-खिडक्या, रंग, लिफ्ट यांच्या ज्या ऑर्डरी अजून दिल्या नसतील, त्यांत तुमच्या हाती अजून निवड आहे. त्या एकेका ऑर्डरीवर सही करण्याआधी हा आकडा समोर ठेवा.