कपाच्या आधी दुधाचा हिशेब मांडा

पुण्या-मुंबईत मिळून डझनभर आउटलेट असलेल्या तुमच्या कॉफी साखळीला हवामानावरचा भार कमी करायचाय. कागदी स्ट्रॉ, 'इको' कप की वृक्षारोपण, सुरुवात कशाने करावी असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे, यांपैकी कशानेच नको. दुधापासून करा.

2018 साली 'सायन्स'मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार एक लिटर गायीच्या दुधामागे सरासरी 3.2 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. सोया दुधामागे ते साधारण 1 किलो, ओटच्या दुधामागे 0.9 किलो. म्हणजे मोठ्या कपभर लाते कॉफीत पाव लिटर दूध गेलं, तर नुसत्या दुधाचेच 800 ग्रॅम झाले. कागदी कपाचा वाटा त्यापुढे किरकोळ. गायी-म्हशी रवंथ करताना मिथेन सोडतात, त्यात चारा आणि शेणाचा भाग मिळवा. आपल्याकडे जनावरामागे दूध कमी निघतं, त्यामुळे आपला आकडा याहून कमी असेल अशी आशा ठेवू नका. स्टारबक्सने 2020 साली स्वतःचा ताळेबंद मांडला, तेव्हा त्यांच्याकडेही उत्सर्जनाचा सर्वांत मोठा स्रोत दुग्धजन्य पदार्थच निघाला.

यावर दूध बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही. आधी वाया जाणारं थांबवा. गर्दीच्या वेळी काउंटरमागे उभे राहा. एका कॅपुचिनोसाठी बरिस्ता दूध वाफवायचा 600 मिलीचा पिचर उचलतो, अंदाजाने दूध ओततो, वाफ देतो, कप भरतो आणि तळाशी उरलेलं सिंकमध्ये सोडून देतो. एकदा वाफवलेल्या दुधाला पुन्हा चांगला फेस येत नाही, तेव्हा त्या पोराला बोल लावू नका. हाताशी लहान पिचर ठेवलेला नसतो, खरी अडचण ती. 350 मिलीचे पिचर घ्या, आतून मापाची खूण करा. आणि आठवडाभर उरलेलं दूध सिंकऐवजी बादलीत ओतायला सांगून रोज रात्री मोजा. मालकाला पटवायला ती बादली पुरेशी होते, कारण तिच्यात पैसेही दिसतात.

मग वनस्पतिजन्य दुधाचा जादा आकार काढा. जो माणूस कमी उत्सर्जनाचा पर्याय मागतोय त्याच्याकडूनच जास्त पैसे घेणं मला मुळीच पटत नाही. स्टारबक्सनेही अमेरिकेत नोव्हेंबर 2024 पासून हा आकार बंद केला. आयात ओट दूध परवडत नसेल तर सोया बघा. सोयाबीन तर आपल्या लातूर-विदर्भात पिकतं. मात्र गरम, आंबटसर कॉफीत साधं सोया दूध फाटतं. कॉफीसाठी बनवलेलं घ्या आणि तुमच्याच बीन्सवर चाखून मगच मेनूत टाका.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे फ्रीजचा गॅस. मेकॅनिक म्हणतो, "गॅस संपलाय, भरावा लागेल." गॅस वापरून संपत नसतो, तो गळतो. बर्फाच्या मशीनमध्ये आणि जुन्या फ्रीझरमध्ये बहुधा आर-404ए असतो. त्याचा एक किलो हवेत गेला म्हणजे जवळजवळ 3.9 टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. बाराशे लिटर दुधाच्या उत्सर्जनाएवढं झालं ते! म्हणून गळती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. नवं यंत्र घेताना आर-290, म्हणजे प्रोपेनवर चालणारं मागा. त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम नगण्य आहे.

विजेचं थोडक्यात सांगतो. एसी 24 वर, दार बंद, एस्प्रेसो मशीनला रात्रीसाठी टायमर. आपल्या ग्रिडची वीज मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण 0.7 किलो उत्सर्जन. जिथे मीटर तुमच्या नावावर आहे तिथे वीज कंपनीकडे ग्रीन टॅरिफची, म्हणजे सौर-पवन अशा स्वच्छ विजेच्या दराची चौकशी करा. मॉलमधल्या आउटलेटला मॉलवाल्यांशीच बोलावं लागेल.

बीन्स चिकमगळूर-कोडगूच्या असतील तर विमान-जहाजाचा प्रश्न उरत नाही, पण खताचा राहतो. नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तोही तापमान वाढवणारा वायू. तेव्हा मळेवाल्याला सावलीच्या झाडांबरोबर युरिया किती टाकता, हेही विचारा. बसून पिणाऱ्यांना चिनी मातीचा कप द्याच. झाडंही जरूर लावा, पण दुधाच्या आकड्यातून ती वजा करू नका.

आत्ता एवढं करा. मागच्या वर्षाची दुधाची खरेदी, वीजबिलं आणि गॅस भरल्याच्या पावत्या आउटलेटवार काढा, शेजारी त्या बादलीचं माप लिहा. इथे टाकलंत तर कुठलं आउटलेट आधी हातात घ्यायचं ते मी बघून सांगतो.