हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर सर्जन होते का?

नाही, १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीची पहिली बलून अँजिओप्लास्टी करणारे आंद्रेआस ग्रुंटझिग हे सर्जन नव्हते, तर हायडेलबर्गला वैद्यकशास्त्र शिकून रक्तवाहिन्यांच्या विकारांकडून हृदयरोगाकडे वळलेले डॉक्टर होते. घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर, पत्नी आणि सहकाऱ्यांच्या मदतीने, त्यांनी बारीक नळीवर ठरावीक मापापर्यंतच फुगणारा बलून तयार केला. धमनी प्रमाणाबाहेर न ताणता ती रुंदावणे त्यामुळेच शक्य झाले, आणि माझ्या मते त्यांचे खरे संशोधन हेच होय. हा बलून त्यांनी १९७४ मध्ये आधी पायाच्या धमनीत वापरला. मात्र नळीने धमनी रुंदावण्याची मूळ कल्पना त्यांची नव्हे. अमेरिकेतील रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांनी ती १९६४ मध्येच पायाच्या धमनीवर यशस्वी केली होती.