सर्व्हर चालू आहे, पण चालतोय का?

प्रश्न: उबुंटू लिनक्सवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर टाकला. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' दिलं की हिरव्या अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्ह, रनिंग' येतं, पण दुसऱ्या मशीनवरून साइट उघडत नाही. काढून पुन्हा टाकू का?

उत्तर: नका टाकू. त्यातून काही कळणार नाही आणि आहे ती कॉन्फिग (सेटिंगच्या फाइली) मात्र हातची जाऊ शकते. हिरव्या अक्षरांचा अर्थ एवढाच की सिस्टिमडीने (सर्व्हिस सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) प्रोसेस सुरू केली आणि ती अजून जिवंत आहे. ती कुठल्या पोर्टवर (कनेक्शन घेण्याच्या क्रमांकित दारावर) बसली आहे, कोणाला काय उत्तर देते, हे सिस्टिमडी बघत नाही.

तपास सर्व्हरच्या आतून सुरू करा आणि एकेक पायरी बाहेर या. आधी त्याच मशीनवर 'कर्ल -आय लोकलहोस्ट' चालवा. कर्ल ही वेब पत्त्याला विनंती पाठवून उत्तर दाखवणारी कमांड, लोकलहोस्ट म्हणजे तेच मशीन. यातला आय कॅपिटल हवा, म्हणजे फक्त हेडर येतात. पहिल्या ओळीत 200 दिसलं तर एनजिनएक्स ठणठणीत आहे, अडथळा बाहेरच्या वाटेवर आहे. 403 आलं तरी सर्व्हर चालूच आहे. फोल्डरच्या परवानग्या चुकल्यात किंवा इंडेक्स फाइल जागेवर नाही. 502 म्हणजे एनजिनएक्स उभा आहे, पण त्याच्या मागचं अ‍ॅप्लिकेशन उत्तर देत नाही. इथे रेड हॅट घराण्यातली लिनक्स सिस्टिम असेल तर एरर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' शोधा. एसईलिनक्स ही तिथली सुरक्षा यंत्रणा वेब सर्व्हरला पुढे नेटवर्क कनेक्शन करू देत नसतो, आणि लोक उगाच अ‍ॅप्लिकेशनचा कोड तपासत बसतात.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर 80 पोर्टवर कोणीच बसलेलं नाही. मग कोणत्या पोर्टवर कोण बसलंय ते दाखवणारी 'सुडो एसएस -टीएलएनपी' द्या. सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) विसरू नका, नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची नावं दिसत नाहीत आणि तो रकाना रिकामा बघून घोटाळा होतो. 'लोकल अ‍ॅड्रेस'च्या रकान्यात पोर्टच्या आधी 0.0.0.0 असेल तर सर्व्हर मशीनच्या सगळ्या आयपीव्ही4 पत्त्यांवर लिसन करतोय. 127.0.0.1 असेल तर तो फक्त स्वतःशीच बोलतो, बाहेरून कितीही दार ठोठावलं तरी उपयोग नाही. एनजिनएक्सची मूळ कॉन्फिग सगळ्या पत्त्यांवर बसते; डेटाबेस आणि डेव्हलपमेंट सर्व्हर मात्र बहुतेक वेळा 127.0.0.1 वरच बसतात, आणि तेच योग्य आहे.

आता दुसऱ्या मशीनवरून कर्ल चालवा, तोही आयपी पत्त्यावर, म्हणजे डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता शोधण्याचा) प्रश्न बाजूला राहतो. ब्राउझर इथे नको. तो स्वतःहून 443 वर (एचटीटीपीएसच्या पोर्टवर) जातो, जुने रीडायरेक्ट लक्षात ठेवतो. नकार लगेच आला तर पॅकेट मशीनपर्यंत पोचतंय. काहीच न होता कर्सर लुकलुकत राहिला आणि बऱ्याच वेळाने 'टाइम्ड आउट' आलं, तर बहुधा फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतेय. तुमची लक्षणं ऐकून संशय इथेच जातो. यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलमध्ये 80 आणि 443 उघडा. मशीन क्लाउडवर असेल तर तिथल्या कंट्रोल पॅनेलमधली फायरवॉल वेगळी असते. तीही उघडावी लागते.

प्रश्न: डेबियन लिनक्सवर पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचं स्टेटस 'अ‍ॅक्टिव्ह, एक्झिटेड' दाखवतं. डेटाबेस बंद पडलाय का?

उत्तर: नाही. डेबियन आणि उबुंटूवर 'पोस्टग्रेएसक्यूएल' नावाची सर्व्हिस नुसती छत्री आहे. ती स्वतः काही चालवत नाही, लगेच संपते. खरी सर्व्हिस तिच्याखाली असते, आणि तिच्या नावात आवृत्ती आणि क्लस्टर (एका सर्व्हरखालचा डेटाबेसांचा संच) दोन्ही येतात, उदाहरणार्थ '16-मेन'. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' दिलं की आवृत्ती, पोर्ट आणि 'ऑनलाइन' की 'डाउन' हे एका ओळीत समोर येतं.

त्या ओळीतला पोर्ट नीट वाचा. मशीनवर आधीपासून जुनी आवृत्ती असेल तर तिच्याकडे 5432 असतो आणि नव्या क्लस्टरला 5433 मिळतो. अ‍ॅप्लिकेशन 5432 वर जाऊन जुन्याच डेटाबेसशी बोलत राहतं आणि 'टेबल सापडत नाही' म्हणून ओरडतं. इन्स्टॉलेशन अगदी बरोबर असतं, पत्ता चुकलेला असतो.

'पीजी_इजरेडी' ही कमांड 0 परत देते तेव्हा सर्व्हर कनेक्शन घ्यायला तयार आहे, 1 म्हणजे अजून सुरू होतोय म्हणून नाकारतोय, 2 म्हणजे उत्तरच नाही. पण ती पासवर्ड तपासत नाही. मायएसक्यूएलची 'मायएसक्यूएलअ‍ॅडमिन पिंग'ही अशीच: पासवर्ड चुकून 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तरी ती 0 म्हणजे यशच कळवते, कारण सर्व्हर जिवंत असतो. म्हणून शेवटची खात्री एकच. अ‍ॅप्लिकेशन ज्या युजरने, ज्या पत्त्यावरून लॉगइन करतं, त्याच युजरने तिथूनच 'सिलेक्ट 1' चालवून बघा. अ‍ॅडमिन युजरने केलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही.

प्रश्न: सगळं नीट चालत होतं. मशीन रीबूट केलं आणि वेब सर्व्हर उठलाच नाही. कॉन्फिगला हात लावून बरेच दिवस झाले होते.

उत्तर: ते 'बरेच दिवस'च महत्त्वाचे. एनजिनएक्सला रीलोड (बंद न करता कॉन्फिग पुन्हा वाचायचा आदेश) दिल्यावर नवी कॉन्फिग चुकीची निघाली, तर तो ती नाकारतो आणि जुन्या कॉन्फिगवर सुखाने चालत राहतो. चूक सांगणारा संदेश कधी स्क्रीनवर येतो, कधी फक्त एरर लॉगमध्ये. साइट सुरू असते म्हणून कोणी बघत नाही. रीबूटनंतर मात्र जुनी कॉन्फिग मेमरीत नसते आणि राहून गेलेला एक अर्धविराम सगळं अडवतो. 'सुडो एनजिनएक्स -टी' द्या. फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक मिळेल. अपाचीसाठी 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' आहे. दर रीलोडच्या आधी हे चालवायची सवय लावा.

कॉन्फिग ठीक निघाली तर 'सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड' बघा. स्टार्ट केलेली सर्व्हिस आत्तापुरती चालते. रीबूटनंतर आपोआप उठायला ती एनेबल असावी लागते. डेबियनची पॅकेजेस हे सहसा स्वतः करतात, रेड हॅटकडची सहसा करत नाहीत. तिथे फायरवॉलडी या फायरवॉलचाही असाच फटका बसतो: '--परमनंट' न लावता दिलेला नियम रीबूटला पुसला जातो, आणि लावून दिलेला रीलोड होईपर्यंत लागूच होत नाही.

तिसरं कारण कमी आढळतं. कॉन्फिगमध्ये एखादा ठरावीक आयपी लिहिलेला असतो आणि सर्व्हर सुरू होताना तो पत्ता मशीनला अजून मिळालेलाच नसतो. 'जर्नलसीटीएल -बी -यू एनजिनएक्स'मध्ये 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस' दिसलं तर हेच.

प्रश्न: अपडेटनंतर 'एनजिनएक्स -व्ही' नवी आवृत्ती दाखवतं. म्हणजे नवीनच चालू आहे ना?

उत्तर: तसं नाही. ती कमांड डिस्कवरची फाइल वाचते, चालू प्रोसेसला विचारत नाही. प्रोसेसचा क्रमांक घ्या, 'प्रॉक' फोल्डरमध्ये त्या क्रमांकाखालची 'एक्झी' ही लिंक 'एलएस -एल'ने बघा. पुढे 'डिलीटेड' लिहिलेलं असेल तर जुनीच प्रोसेस मेमरीत चालू आहे. सर्व्हिस रीस्टार्ट करा. इथे रीलोड पुरत नाही.